शेण, सरपण आणि दोन सल्लागार

बाहेरच्या जाणकाराला बोलावून आपल्या जमिनीचे, पाण्याचे, हवेचे काय झाले आहे ते मोजून घ्यावे आणि झालेली हानी कशी भरून काढावी हेही त्यालाच विचारावे, ही प्रथा आज मोठ्या उद्योगांत चांगलीच रूढ झाली आहे. रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'ने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक केले, आणि या सल्लागारीला एका स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. व्यवसाय नवा असेल. परंतु त्यातला मूळ प्रश्न जुना आहे. मोजणारा आपले माप देऊन निघून जातो. त्यानंतर जे करावयाचे ते कोणी करावयाचे? भारताच्या मातीपुरता हा प्रश्न दोन इंग्रज सल्लागारांच्या हातून गेला. एकाने मातीचा जमाखर्च मांडला; दुसऱ्याने तिचे पुनर्भरण कसे होते ते प्रत्यक्ष शेतावर करून दाखविले. या दुसऱ्या कामात एका मराठी रसायनज्ञाचा वाटा होता, पण त्याचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. या दोन सल्लागारांची, आणि त्यांच्या सल्ल्याचे पुढे काय झाले त्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळाने दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थान होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये प्रांतोप्रांती शेतीखाती स्थापण्याची शिफारस केली. खाती निघाली, परंतु त्यांनी करावे काय, याविषयी मतैक्य नव्हते. येथील जमीन कस गमावीत चालली आहे काय, आणि असल्यास रसायनशास्त्राची त्यावर काही मात्रा चालेल काय, हे पाहण्यासाठी भारतमंत्र्यांनी एक जाणकार धाडण्याचे ठरविले. निवड झाली ती डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांची. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे ते सल्लागार रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे वडीलही त्याच पदावर होते. म्हणजे सल्ला देणे हा त्या घराण्याचा पिढीजात व्यवसायच म्हणावयाचा. डिसेंबर १८८९ मध्ये ते येथे उतरले आणि जानेवारी १८९१ मध्ये परत गेले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हिंदी शेतकरी अडाणी, त्याची अवजारे रानटी, आणि त्याला सुधारणे म्हणजे त्याला इंग्रजी पद्धती शिकविणे, अशी समजूत त्या काळी विलायतेत सर्रास होती. व्होल्कर यांनी हे मत साफ नाकारले. येथला उत्तम कुणबी इंग्लंडच्या सर्वसाधारण शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, किंबहुना काही बाबतींत त्याच्याहून सरस आहे. शेती जेथे हलकी आढळते तेथे ज्ञानाचा नव्हे तर पाण्याचा, खताचा आणि साधनांचा तुटवडा असतो, असे त्यांनी लिहून ठेवले. तपासनिसाने ज्याची तपासणी करावयाची त्याच्याकडूनच आधी शिकावे, ही वृत्ती दुर्मिळ आहे. सरकारी दौऱ्यांचा मला जो थोडा अनुभव आहे त्यावरून हे सांगतो.

पण या अहवालाचे खरे महत्त्व त्यातल्या मातीच्या जमाखर्चात आहे. शेतातून बाहेर काय जाते? धान्य जाते, आणि ते जाणारच. तेलबिया जहाजांत भरून परदेशी जातात, म्हणजे त्यांची पेंडही जाते. हाडे परदेशी जातात. आणि शेण चुलीत जाते. परत येते ते फार थोडे. शेण जळले म्हणजे त्याची राख उरते आणि राखेत पालाश व स्फुरद शिल्लक राहतात, हे खरे. पण नत्र धुरावाटे निघून जातो, आणि ज्यापासून जमिनीला भुसभुशीतपणा व ओल धरण्याची शक्ती यावयाची तो सेंद्रिय भागही त्याच्याबरोबर नाहीसा होतो. शेण जाळू नये हे सांगावयाला विलायतेहून कोणी येण्याची गरज नव्हती. आपल्या कोणत्याही गावातल्या म्हाताऱ्याने ते सांगितले असते. व्होल्कर यांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. शेतकरी शेण का जाळतो?

पुष्कळ अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर होते की त्याला सवय आहे. व्होल्कर प्रांतोप्रांती हिंडले आणि त्यांना आढळले की जेथे सरपण हाताशी आहे तेथे शेण बहुधा शेतात जाते. जेथे सरपण नाही तेथे ते थापून गोवऱ्या होतात. तेव्हा हा सवयीचा दोष नसून लाकडाच्या दुष्काळाचा परिणाम आहे. यावरून निघणारा उपायही त्यांनी स्पष्ट मांडला: गावांच्या जवळ सरपणाची आणि चाऱ्याची राखीव राने वाढवावीत, ती वनखात्याने सांभाळावीत, परंतु त्यांचा हिशेब वनखात्याच्या उत्पन्नात न करता शेतीच्या लाभात करावा. शेणाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी गोठ्यात शोधले नाही, रानात शोधले. आणि त्यासाठी दोन खात्यांची हिशेबाची वही एक करावी असे सुचविले.

याच दृष्टीने त्यांनी आपल्या कोकणातील राबाचाही विचार केला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत भाताच्या रोपवाटिकेवर झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण पसरून ते भाजतात, हे श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिले असेल. वनखात्याच्या लेखी ही झाडांची नासाडी होती, तर शेतकऱ्याच्या लेखी ती रोपाची तयारी होती. या तंट्यावरून ठाण्याकडे इतका असंतोष माजला होता की मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक वन आयोगच नेमावा लागला. व्होल्कर यांनी राबाकडे पाहिले ते खताच्या व्यापक प्रश्नाचा एक भाग म्हणून.

अहवालाचे पुढे काय झाले? १८९२ मध्ये, अहवाल छापून बाहेर पडण्यापूर्वीच, डॉ. जे. डब्ल्यू. लेदर यांची हिंदुस्थान सरकारचे कृषिरसायनशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. मोजणाऱ्याच्या दौऱ्याचे पहिले फळ म्हणजे आणखी एका मोजणाऱ्याची नेमणूक! १८९४ च्या ऑक्टोबरात सरकारने आपले वनविषयक धोरण जाहीर केले. त्यावर व्होल्कर यांच्या अहवालाची छाया स्पष्ट आहे; सरपण व चारा देणारी किरकोळ राने आणि गुरचरणीच्या जमिनी असे वेगळे वर्ग त्यात मान्य केले आहेत. कागदावर गोष्ट झाली. परंतु १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने पुन्हा शेण जाळण्याचा प्रश्न हाती घेतला, आणि स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणानेही पुन्हा सांगितले की गावांना सरपण मिळावे म्हणजे शेण खतासाठी मोकळे होईल. एकच शिफारस साठ वर्षांत तीनदा करावी लागली, यातच तिची कथा आली. जमीन महसूलखात्याची, झाड वनखात्याचे, खत शेतीखात्याचे आणि चूल कोणत्याच खात्याची नव्हे. मग रान लावण्याचा खर्च ज्याने करावयाचा त्याच्या वहीत लाभाचा रकाना कोरा राहतो. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. दप्तराची रचनाच अशी होती की ज्याचे त्याने आपले काम चोख बजावले आणि शेण जळत राहिले.

आता दुसऱ्या सल्लागाराकडे वळू. १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे मध्यवर्ती कृषिसंशोधन संस्था उभी राहिली. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीचा तिला मोठा हात होता. त्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्ड तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि पुढे त्यांना पुसा येथेच सरकारी पद मिळाले. या दोघांनी काढलेल्या गव्हाच्या जाती उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरल्या. परंतु हॉवर्ड यांच्या मनात एक खंत घर करून होती. संस्थेत बुरशीचा तज्ज्ञ निराळा, किडीचा निराळा, मातीचा निराळा आणि रोपाचा निराळा. एकच पीक अनेक टेबलांवर तुकड्या-तुकड्यांनी तपासले जाई, आणि ते सबंध पीक शेतात उभे असताना पाहणारा कोणी नसे. त्यांनी हट्टाने स्वतःसाठी ७५ एकर जमीन मागून घेतली आणि आसपासचे शेतकरी काय करतात ते पाहून तसे करावयास आरंभ केला. शेतकरी आणि कीड हेच आपले अध्यापक, असे ते म्हणत.

खात्यांच्या भिंतींतून बाहेर पडण्याची संधी त्यांना १९२४ मध्ये इंदूरला मिळाली. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा पुरविला, आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले व त्याबरोबरच मध्य हिंदुस्थान आणि राजपुताना यांतील संस्थानांचे शेतीविषयक सल्लागारही. सल्लागाराच्या हाती स्वतःचे शेत, स्वतःची गुरे आणि स्वतःचे मजूर आहेत, असा योग क्वचित येतो; या संस्थेचे निराळेपण त्यातच होते. जो सल्ला द्यावयाचा तो आधी आपल्याच माळव्याच्या काळ्या जमिनीत पुरा पाडून दाखवावा लागे.

येथेच यशवंत वाड हे आपल्याला भेटतात. ते संस्थेच्या रसायन विभागात मुख्य सहायक होते. पुष्कळांच्या तोंडी 'इंदूर पद्धती' म्हणजे हॉवर्ड यांची पद्धती; परंतु ती प्रथम ज्या पुस्तकात मांडली गेली ते शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि वाड अशा दोन नावांनी प्रसिद्ध झालेले आहे. साहेबाच्या ग्रंथावर देशी सहायकाचे नाव सहलेखक म्हणून छापले जाणे ही त्या काळात क्षुल्लक गोष्ट नव्हती. हॉवर्ड यांना त्याचे श्रेय द्यावेच लागेल. ते नाव नंतर विसरले गेले, याचा दोष आपल्याकडे येतो.

पद्धतीचे मर्म आपल्या उकिरड्याशी ताडून पाहिले म्हणजे चटकन ध्यानात येते. उकिरड्यावर शेण एकीकडे, केरकचरा दुसरीकडे, पाऊस वरून आणि ऊन वरून. चांगला भाग वाहून तरी जातो किंवा उडून तरी जातो. गोमूत्र तर गोठ्याच्या जमिनीतच मुरते. इंदूरला पहिली गोष्ट केली ती ही की गोठ्याच्या जमिनीवर माती पसरली आणि मूत्राने भिजलेली ती माती खोदून खतासाठी घेतली. दुसरी गोष्ट पऱ्हाट्यांची. कपाशीचे वाळलेले खोड इतके चिवट असते की ते कुजता कुजत नाही. त्यासाठी यंत्र न आणता त्यांनी पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला. मग तो चुरा, पाला, तण, उरलेला कडबा हे सगळे मिसळून गुरांखाली अंथरावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी शेणामुताने भरलेले ते अंथरूण उचलून खड्ड्यात न्यावयाचे.

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि खोल अवघा दोन फूट, कारण खोल खड्ड्यात हवा पोचत नाही. त्यात अंथरुणाचा थर, शेणाचा थर, मूत्रमाती आणि लाकडाची राख यांचा शिडकावा, वर पाणी, पुन्हा थर. राख घालावयाची ती आंबटपणा मारण्यासाठी. थोड्याच दिवसांत खड्डा इतका तापतो की आत हात घालवत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पहिली उलथापालथ, आणखी पंधरवड्याने दुसरी, दोन महिने भरले की तिसरी. तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास येणारे खत तयार होते. आरंभी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे ३३ ला १ असते, ते कुजण्याच्या शेवटी १० ला १ वर येते. आणि एवढ्यात नत्राची गळती होऊ द्यावयाची नाही, यात सारे कौशल्य आहे. हवा कमी पडली तरी नत्र जातो, ओल कमी पडली तर कुजणेच थांबते. म्हणजे येथेही मोजमाप होते. पण येथे मोजणाऱ्याच्या शेजारीच फावडे घेतलेला मनुष्य उभा होता आणि आज मोजलेले उद्या खड्ड्यात सुधारता येत होते.

ही कल्पना सर्वस्वी नवी होती असे नाही. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया आणि जपान येथील शेती पाहून लिहिलेले पुस्तक १९११ मध्ये निघाले होते; त्या देशांत हजारो वर्षे जमीन कसूनही तिचा कस कसा टिकला याचे त्यात वर्णन आहे, आणि हॉवर्ड यांच्यावर त्याचा खोल परिणाम झाला होता. पूर्वेची रीत आणि पश्चिमेची प्रयोगशाळा यांची गाठ इंदूरला पडली.

१९३१ मध्ये हॉवर्ड मायदेशी परतले. आदल्याच वर्षी गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. पुढची सोळा वर्षे त्यांनी या एकाच विषयाचा प्रचार केला. १९४० चे त्यांचे पुस्तक पाश्चात्त्य देशांतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे एक आधारस्थान ठरले. उत्तरायुष्यात ते अतिशयोक्तीकडे झुकले, असे माझे मत आहे. खत उत्तम असेल तर पिकाला आणि जनावराला रोग होणारच नाही, इतक्या टोकाला ते जात; त्याला पुरेसा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. तथापि त्यामुळे इंदूरच्या खड्ड्याचे मोल कमी होत नाही.

महात्मा गांधी एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि त्याच वर्षी 'हरिजन'मधून या खताची माहिती प्रसिद्ध झाली. केनियातील कॉफीच्या मळ्यांत आणि बंगाल-आसामकडील चहाच्या बागांत पद्धती वेगाने पसरली. माळव्यात आणि वऱ्हाडात मात्र ती त्या मानाने पसरली नाही. असे का व्हावे?

बागवाल्याजवळ मजूर बारमाही असतात. खड्डा तीनदा उलटणे त्याला जड नाही. कुणब्याला ते काम नेमके सुगीच्या किंवा पेरणीच्या घाईत करावे लागते. बागवाल्यापाशी पाणी असते. कोरडवाहू गावात उन्हाळ्यात गुरांच्या पाण्याची मारामार, तेथे खड्ड्यावर कोण ओतणार? पण सर्वांत मोठे कारण निराळे आहे, आणि ते व्होल्कर यांनी चाळीस वर्षे आधी सांगून ठेवले होते. इंदूरच्या खड्ड्याला दोन मुख्य वस्तू हव्यात: शेण आणि पऱ्हाटी. वऱ्हाडातल्या गरीब घरी जळण म्हणून काय वापरतात? गोवरी आणि पऱ्हाटी. तुरीची तुराटीदेखील तिथेच जाते. संस्थेच्या शेतावर या दोन वस्तूंना चुलीचे मागणे नव्हते, म्हणून तेथला हिशेब सुटला; गावात तो सुटेना. पहिल्या सल्लागाराचे रान उगवले नाही, म्हणून दुसऱ्याचा खड्डा भरला नाही.

आणि चूल ज्या हातात होती त्या हाताला दोघांनीही विचारल्याचे दिसत नाही. गोवरीची आच मंद असते. दूध आटवावयाला, भाकरीच्या निखाऱ्याला ती सोयीची असते, ती घरच्या घरी तयार होते आणि पावसाळ्यासाठी रचून ठेवता येते. लाकूड मिळाले तरी ते आणावयाला कोणी जावयाचे, हाही प्रश्न आहेच. शेण जाळणे हा अपव्यय आहे असे जिला सांगावयाचे, ती उलट विचारील की मग संध्याकाळचा स्वयंपाक कशावर करू? या प्रश्नाला कोणत्याही अहवालात उत्तर नव्हते.

पुढे पद्धतीला निरनिराळ्या मुरडी घातल्या गेल्या. बंगलोरला डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास शहरी कचऱ्यासाठी अशी रीत बसविली की खड्डा पुन्हा पुन्हा उलटण्याचे श्रम वाचावेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकाच्या आरंभी गोबरगॅसचा कार्यक्रम हाती घेतला. शेणातून इंधनही काढावे आणि खतही राखावे, अशी ही दुहेरी युक्ती. ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्याला ती मानवली. एका म्हशीच्या धन्याला नाही. दरम्यान सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला आणि नत्र पोत्यातून येऊ लागला. त्यामुळे शेणाच्या प्रश्नाची धार बोथट झाली. परंतु पोत्यातून नत्र आला तरी ह्यूमस येत नाही.

माझ्या मते इंदूरच्या पद्धतीला सर्वांत समर्पक मुरड घातली ती यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे हौद, भिंतींना हवेसाठी झरोके. त्यात काडीकचरा सुमारे चौदा-पंधराशे किलो, माती त्याहून थोडी अधिक, आणि शेण अवघे शंभर किलो. उलथापालथ नाही, तीन-चार महिन्यांत खत. हॉवर्ड यांनी शेण मुबलक धरून हिशेब मांडला होता; पांढरीपांडे यांनी शेण मिळणार नाही हे धरून मांडला. विटांचा खर्च आहे, आणि पाणी येथेही लागतेच. पण कापसाच्या मुलखातल्या घराची अडचण ज्याने आपल्या दारात पाहिली होती त्याचा हा उपाय होता, हे त्याच्या मापांवरूनच कळते.

चुलीचा प्रश्नही अखेर शेतीखात्याकडून सुटला नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी गरीब घरांत पोचू लागली. जेथे सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडते तेथे गोवरीची गरज उतरली, जेथे परवडत नाही तेथे ती अजून थापली जाते.

इंदूर शहरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी एका मोठ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याचे नाव 'गोबरधन' असले तरी त्याचे भक्ष्य मुख्यतः शहरातल्या घरांचा ओला कचरा आहे. दिवसाला ५५० टन कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. त्यातून निघणाऱ्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालाव्यात आणि उरलेल्याचे खत व्हावे, अशी योजना आहे. भाजीची देठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या तेथे एकत्र आल्या तर हे यंत्र निकामी होईल. त्या वेगळ्या होतात त्या कारखान्यात नव्हे. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात, कचऱ्याची गाडी येण्यापूर्वी, दोन निरनिराळ्या डब्यांत.